कावीळ कोणती, ते आधी तपासा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत लिव्हरसाठी घरगुती उपायांवर पानभर मजकूर आला. भुईआवळा, गुळवेल, उसाचा रस, मुळ्याचा पाला, हळदीचं पाणी असं सगळं त्यात होतं. तो वाचून आमच्या गल्लीतल्या दोघीतिघी कात्रण घेऊन माझ्याकडे आल्या, कारण मी सरकारी ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेल्या माणसांचं रक्त काढायचं, तपासायचं, आकडे रजिस्टरला चढवायचे, यातच माझी सगळी नोकरी गेली. त्या पानभर मजकुरात एक वाक्य कुठेच नव्हतं आणि तेच सगळ्यात वर हवं होतं : डोळे पिवळे दिसले की आधी रक्त-लघवी तपासा, कावीळ कोणती ते कळू द्या, मग काय घ्यायचं ते ठरवा.

आमच्या खान्देशात हा क्रम उलटा आहे. डोळे पिवळे दिसले की घरातलं म्हातारं माणूस आधी म्हणतं, ‘सोमवारले कावीळवाला बसस, तठे जाऊत.’ तिथे कोणी डोक्यावर काड्यांची माळ ठेवतो, कोणी नाकात देवडांगरी या कडू वेलफळाचं पाणी सोडतो, कोणी चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो, तर कोणी तापवलेल्या सळईने मनगटावर किंवा पोटावर डाग देतो. माळेतल्या ओल्या काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबत जाते. ती डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून कमरेपर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. धडधाकट माणसाच्या डोक्यावर ठेवली तरी ती तेवढीच लांबते. चुन्याच्या निवळीचंही तसंच आहे. हाताला आंब्याची साल आधी चोळलेली असेल तर निवळी पिवळी होणारच. अंधश्रद्धा निर्मूलनाची मंडळी हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवतात. देवडांगरीने नाक आतून सोलवटतं, पिवळं पाणी गळतं, डोकं ठणकतं. पण ते पाणी गळाल्याने रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, उतरत नाही. बायाबापड्यांच्या नाकाला सूज आलेली असताना मी त्यांचं रक्त घेतलं आहे. आकडा होता तिथेच असायचा, कधी वाढलेलाही असायचा.

हे सांगितलं की लोक मला म्हणतात, ‘ताई, मग आमचा अमका बरा कसा झाला?’ हा प्रश्न रास्त आहे आणि डॉक्टर लोक त्याचं उत्तर द्यायला सहसा थांबत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात जी कावीळ येते ती बहुतेक ‘ए’ किंवा ‘ई’ विषाणूची असते. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. विषाणू पोटात गेल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी अंगात ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, मग गडद लघवी आणि पिवळे डोळे असा क्रम लागतो. एरवी धडधाकट असलेल्या माणसात हा आजार काही आठवड्यांत आपोआप ओसरतो, कारण लिव्हर स्वतःला पुन्हा घडवू शकणारा अवयव आहे. त्या काळात माळ घातली असेल तर माळेला श्रेय, भुईआवळा घेतला असेल तर भुईआवळ्याला, आणि सलाईन लावलं असेल तर सलाईनला. शंभरातल्या बहुतेकांना यश येतं म्हणून कावीळवाल्याचं नाव होतं. उरलेले जे असतात ते सांगायला येत नाहीत. त्यांची नावं माझ्या रजिस्टरात होती.

लॅबमध्ये रक्त गोठलं की मशीनवर फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर सीरम राहतो. एरवी तो हलका पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतो. बिलिरुबिन एकच्या आसपास असेल तर असाच दिसतो. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत पिवळेपणा जाणवू लागतो आणि नळीतल्या सीरमचाही रंग चढतो. एकदा पाड्यावरची एक गरोदर बाई आली होती, आठवा महिना सरत आलेला. तिचा सीरम हळद कालवल्यासारखा घट्ट पिवळा होता. नखांच्या कडांना चुना अजून तसाच होता, म्हणजे आदल्या एक-दोन दिवसांतच हात धुवून आणले असणार. सासू सांगत होती की कालपासून सारखी झोपते, हाक मारली तरी नीट बोलत नाही. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. पण काविळीच्या माणसाला अशी गुंगी येणं म्हणजे लिव्हर हात टेकतंय आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतोय. आमच्या डॉक्टरसाहेबांनी एक मिनिट न घालवता १०८ बोलावली आणि तिला जिल्ह्याला धाडलं. ती वाचली नाही, पोटातलं बाळही नाही. ‘ई’ची कावीळ एरवी साधी असली तरी गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीसपर्यंत बाया दगावू शकतात. हा एकच मुद्दा आपल्या पुरवणीने ठळक टाइपात छापला असता तर पानभर उपायांपेक्षा तो जास्त कामाचा होता. गरोदर बाईला कावीळ दिसली तर सोमवारची वाट बघायची नसते, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं.

‘बी’ विषाणूची गोष्ट वेगळी. तो पाण्यातून येत नाही. रक्तातून, संबंधांतून, एकाच सुईतून, न्हाव्याच्या जुन्या पात्यातून, यात्रेत एकाच सुईने दहाजणांना गोंदण्यातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला येतो. मोठ्या माणसाला झाला तर शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास त्यातून मोकळे होतात. पण जन्मतः लागण झालेल्या बाळांपैकी शंभरात नव्वदांच्या अंगात तो कायमचा मुक्काम करतो आणि तीस-चाळीस वर्षांनी सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होणं, किंवा लिव्हरचा कॅन्सर होऊन उघडा पडतो. त्यात डोळे पिवळे होतीलच असं नाही. गरोदरपणाच्या तपासणीत एचबीएसएजीचं, म्हणजे ‘बी’ची लागण ओळखायचं, कार्ड लावतात. सीरमचे थेंब टाकायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि एक रेघ आली की दोन ते बघायचं. दोन रेघा आल्या की आम्ही नर्सताईंना लगेच कळवायचो, कारण बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत त्याला ‘बी’ची लस आणि जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यायचं असतं. ही लस प्रत्येक बाळाला जन्मतःच द्यायची असते, पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून ती पुन्हा मिळते. घरी बाळंतपण झालं की पहिलाच डोस चुकतो. ‘सी’वर लस नाही. पण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात आणि राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्या गोळ्या मोफत आहेत. हा कार्यक्रम २०१८ सालच्या २८ जुलैला सुरू झाला. ‘बी’चा विषाणू शोधणाऱ्या बारूख ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. एवढी मोफत सोय असताना माणसं सोनं मोडून मुंबई-सुरतेला खाजगीत गोळ्या घेत बसतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता सातपुड्याचं सांगते, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी बसून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ते येत नाही. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल आहे. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लवकर फुटतात आणि त्यातून सुटलेल्या बिलिरुबिनमुळे डोळे कायम पिवळसर राहतात. इथे मूळ दोष लिव्हरमध्ये नसतो, रक्तात असतो. अशा मुलाला कावीळ समजून वर्षानुवर्षं माळा घालतात, डाग देतात आणि मूल हातपाय दुखतात म्हणून रडत राहतं. आमच्याकडे ज्या मुलांचं बिलिरुबिन वाढलेलं पण एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) चांगलं आणि हिमोग्लोबिन सहा-सात असायचं, त्यांची सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट लावली की नळीतलं पाणी गढूळ व्हायचं, नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा व्हायच्या. मग पक्क्या निदानासाठी नमुना पुढे पाठवायचा. या मुलांना रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, पाणी भरपूर, गरज असेल त्यांना हायड्रॉक्सियुरिया, असा उपचार सरकारी दवाखान्यात मिळतो. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही चालू आहे. पण तिथपर्यंत पोहोचायचं तर डोळ्यांचा पिवळेपणा नेमका कशाचा, हे कोणीतरी विचारायला हवं.

नवजात बाळाचंही तसंच. बाळ पिवळं दिसलं की कोवळ्या उन्हात धरायची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक बाळांची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि ओसरते. पण जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत आली, तळहात-तळपायापर्यंत उतरली, किंवा बाळ दूध ओढेना, तर ऊन पुरत नाही. निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होते. आणि एक गोष्ट आयांनी लंगोटातच बघायची असते. दोन आठवडे झाले तरी बाळ पिवळं आहे आणि शी पांढुरकी होतेय, तर पित्ताची नळी बंद असू शकते. त्याचं ऑपरेशन साधारण दोन महिन्यांच्या आत झालं तर फायदा सगळ्यात जास्त. तेवढा वेळ घुटीत घालवला तर तो परत मिळत नाही.

मोठ्या माणसाची शी पांढुरकी आणि अंगाला सारखी खाज असेल तर तिथेही पित्ताची वाट अडलेली असते, खड्याने किंवा गाठीने. कुठल्याही पाल्याने ती मोकळी होत नाही. टीबीची औषधं चालू असताना डोळे पिवळे झाले तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण त्यातली दोन-तीन औषधं लिव्हरला जड जातात. पॅरासिटामॉलही जपून घ्यावी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत तीच असते. दिवसाला चार ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्या, ही धडधाकट माणसाची शेवटची मर्यादा आहे. दारू घेणाऱ्याची त्याहून बरीच कमी.

आता त्या उपायांकडे येते. मी झाडपाल्याच्या विरोधात नाही. माझ्या आईच्या परसात पुनर्नवा होती, तिची भाजी आम्ही खायचो. भुईआवळ्याचा अभ्यास झालेला आहे. १९८८ साली मद्रासच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं की भुईआवळ्याने ‘बी’च्या बऱ्याच रोग्यांचा विषाणू नाहीसा झाला. जगभर आशा वाढली. पण पुढे दुसऱ्या देशांत तपासून पाहिलं तेव्हा तसा गुण दिसला नाही. तेव्हा ‘बी’च्या रोग्याने भुईआवळ्यावर विसंबून गोळ्या सोडू नयेत. गुळवेलीचं तर करोनात पेव फुटलं होतं, घरोघरी काढा. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गफलत झाली असावी असं त्यांचं म्हणणं. माझ्यासारखीला त्यातून एवढंच कळतं की लिव्हर आधीच सुजलेलं असताना ओळख पटलेली नसलेली वेल उकळून पिऊ नये. एरंडाच्या पाल्याच्या रसाने जुलाब होतात आणि आधीच उलट्यांनी कोरडा पडलेला रोगी आणखी खचतो. उसाच्या रसाने ताकद येते हे खरं, पण गाडीवरचा बर्फ कुठल्या पाण्याचा, ते बघा. ज्या पाण्याने कावीळ झाली तेच पाणी बर्फ होऊन पुन्हा पोटात जायला नको. घरात हळद बंद करायची काही गरज नाही. भाजीतल्या हळदीने कावीळ वाढत नाही आणि हळदीचं पाणी पिऊन ती जातही नाही. मीठ-तेल बंद करून महिनाभर नुसत्या फुटाण्यांवर माणूस ठेवणं मात्र अघोरी आहे. मळमळ असेल तोवर थोडं थोडं, पचेल ते द्यावं. वरण-भात, ताक, ज्वारीची भाकरी, केळी तर आपल्याकडे दाराशी आहेत. भूक लागू लागली की पोटभर जेवू द्यावं, आणि दारू पूर्ण बंद. बहुतेकांच्या घरी करण्यासारखा खरा उपाय हाच आहे : विश्रांती, पोटाला अन्न, भरपूर पाणी आणि दारूला हात न लावणं.

दारूवर फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतं. पोटात पाणी भरलेली, रक्ताची उलटी झालेली चाळिशीची माणसं मी कितीतरी पाहिली. पण हल्ली दारू न पिणाऱ्यांचंही एसजीपीटी वाढलेलं येतं. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेलं असतं. कमरेचा घेर, शुगर, बसून काम. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीची पार्टी होते, शेवभाजीवर तेलाचा तवंग असतो, आणि ते वर्षातून चारदा खाल्ल्याने कोणाचं लिव्हर बिघडत नाही. रोजचा गोड चहा, बाटलीतली गोड पेयं, रात्रीचं उशिराचं जड जेवण आणि पायी न चालणं, यांनी बिघडतं. वजन शंभराला सात ते दहा किलो या हिशेबाने उतरवलं तर लिव्हरमधली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. बाजारात ‘लिव्हर डिटॉक्स’ म्हणून मिळणाऱ्या कुठल्या पुडीने हे होत नाही. आणि आकडा खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नये. लिव्हर कडक झालेल्या माणसाचं एसजीपीटी कित्येकदा अगदी चांगलं येतं.

पण संपादक महोदय, पावसाळ्यातल्या काविळीची खरी जागा लिव्हर नाही, आमच्या नळाची पाइपलाइन आहे. आमच्याकडे नळाला पाणी कितीतरी दिवसांच्या अंतराने येतं. मधल्या काळात पाइप रिकामा असतो. तो गटारीतून गेलेला असतो, जोड गंजलेला असतो, आणि पाणी आलं की प्रत्येक घरात मोटर लागते. मोटरच्या ओढीने फुटक्या जोडातून गटारीचं पाणी आत खेचलं जातं. मग तेच पाणी आठ-दहा दिवस ड्रममध्ये साठतं. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो ‘ई’ होता हे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेले नमुने तपासल्यावर कळलं. आपल्या गल्लीतली साथ त्याच जातीची असते, फक्त आकडा लहान म्हणून बातमी होत नाही.

गावात पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर असते, पण पोतं उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि पांढरी भुकटी तेवढी पाण्यात पडते. पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या ओटी टेस्टला दोन मिनिटं लागतात. शेवटच्या घराच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. टाकीजवळच्या पहिल्या नळाची टेस्ट करून रजिस्टर भरणं मी पाहिलेलं आहे, त्याला काही अर्थ नाही. तोवर घरी पाणी खळाखळा उकळून प्यावं, नाहीतर आशाताईंकडून मेडिक्लोर हे क्लोरीनचं औषध घेऊन बाटलीवर लिहिलंय तेवढं टाकून अर्धा तास थांबावं. ड्रमला तोटी बसवावी, आत तांब्या बुडवू नये.

आपल्या वृत्तपत्राकडे दोन मागण्या आहेत. काविळीवर हमखास इलाज असल्या छोट्या जाहिराती आपल्या पानांवर येतात, त्या घेऊ नयेत. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात काविळीचं नाव आहे, ती बरी करण्याचा दावा औषध विकणाऱ्याला करता येत नाही. आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला, तालुक्यातल्या कोणत्या गावाची ओटी टेस्ट निगेटिव्ह आली त्याची यादी छापावी. ती पंचायत समितीच्या आरोग्य विभागात मिळते, मागावी लागते. पर्जन्यमानाचा तक्ता आपण रोज छापता, त्याच्याच खाली ती बसेल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
चोपडा तालुका, जि. जळगाव